कीटकांचे छायाचित्र आणि जयणा

धान्याची पेढी चालवणाऱ्या घराला कीटकांची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. तांदळातील सोंडे, गव्हातील टोके, कडधान्यातील भुंगेरे यांच्याशी व्यापाऱ्याचा आणि त्याच्या स्वयंपाकघराचा संबंध पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. चाळणीत सापडलेला जीव हलक्या हाताने बाजूला काढणे, तो चिरडला जाणार नाही अशा जागी ठेवणे, पाणी गाळल्यावर गळण्यातील जिवाणी जिथून पाणी आणले तिथेच परत सोडणे, हे संस्कार जैन घरांत मुलांना अक्षरओळखीच्याही आधी मिळतात. मात्र ज्या जिवाला इतके जपायचे त्याचे रूप प्रत्यक्षात कसे आहे, हे पाहण्याचा योग फार थोड्यांना येतो.

तांदळातील सोंडा जेमतेम ३ मिलिमीटर लांबीचा असतो. नुसत्या डोळ्यांना तो एक काळपट ठिपका दिसतो. तोच कॅमेऱ्याच्या भिंगातून मोठा करून पाहिला की पुढे आलेली बाकदार सोंड, सोंडेच्या टोकाशी इवलेसे जबडे, कोपरात दुमडल्यासारख्या मिशा आणि पाठीवरचे चार तांबूस ठिपके स्पष्ट दिसतात. ज्याला आजवर ‘धान्यातला किडा’ एवढेच नाव होते, त्याला एकाएकी चेहरा मिळतो. सूक्ष्म वस्तूंचे असे मोठे चित्र टिपण्याच्या कलेला मॅक्रो छायाचित्रण म्हणतात. कॅमेरे आणि मोबाइल सुलभ झाल्यापासून अनेक तरुण, आणि व्यवसायातून मोकळे झालेले अनेक ज्येष्ठही, या छंदाकडे वळले आहेत.

छंद मोहक आहे, पण त्यात एक अवघड प्रश्न दडलेला आहे. कीटक स्थिर राहत नाही आणि चित्र रेखीव यायचे तर स्थैर्य हवे. ही अडचण सोडवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात कीटकाला स्थिर केले जाते. त्याला फ्रीजमध्ये गारठवतात, डिंकाने चिकटवतात किंवा मारून टाचणीला टोचतात. दुसऱ्या मार्गात छायाचित्रकार स्वतः स्थिर होतो. तो कॅमेरा हातात धरून, जीव जिथे बसला आहे तिथेच, त्याला न हलवता चित्र घेतो. दुसरा मार्ग केवळ भावनेपोटी निवडायचा असतो आणि त्यात चित्राची गुणवत्ता उणावते, असा समज आढळतो. तो समज खरा नाही. हा मार्ग नीट समजून घेतला तर चित्रही उत्तम येते आणि जीवही दुखावत नाही.

मद्य पाजलेली मुंगी

कीटकांचे सूक्ष्म रूप जगासमोर प्रथम मांडणाऱ्यांत इंग्लंडच्या रॉबर्ट हुक यांचे नाव अग्रस्थानी आहे. त्यांचा ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ १६६५ मध्ये प्रसिद्ध झाला. सूक्ष्मदर्शकातून पाहून काढलेली पिसू, ऊ, माशी यांची त्यातील मोठाली चित्रे पाहून त्या काळचे वाचक थक्क झाले. याच ग्रंथात हुक यांनी मुंगीचे चित्र काढताना आलेली अडचण नोंदवली आहे. मुंगीचे पाय मेणात किंवा डिंकात रोवले तर ती अंग पिळवटून घेई, आणि मारून ठेवली तर तिचा आकार बिघडे. अखेर त्यांनी तिला मद्यात बुडवून बेशुद्ध केले. तासाभराहून अधिक काळ निश्चल राहिलेली मुंगी मग एकाएकी शुद्धीवर आली आणि पळून गेली. मॅक्रो छायाचित्रणातील मूळ पेच कॅमेऱ्याचा शोध लागण्याच्या पावणेदोनशे वर्षे आधीच असा कागदावर उतरला होता.

पुढे छायाचित्रणाची कला आली, पण सुरुवातीच्या काचा आणि फिल्म मंद होत्या. चित्राला दीर्घकाळ प्रकाश द्यावा लागे. अमेरिकेतील वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड फेअरचाइल्ड आणि त्यांच्या पत्नी मॅरियन यांनी १९१४ मध्ये ‘बुक ऑफ मॉन्स्टर्स’ हे कीटकांच्या चित्रांचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यासाठी त्यांनी कित्येक फूट लांबीचा कॅमेरा बांधला होता आणि मृत कीटक जिवंत भासतील अशा रीतीने मांडून त्यांची चित्रे घेतली होती. त्या काळी याहून वेगळा उपाय फारसा उपलब्ध नव्हता.

तो उपाय विजेच्या प्रकाशाने दिला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकापासून क्षणार्धात चमकून विझणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश विकसित केला. ब्रिटिश छायाचित्रकार स्टीफन डाल्टन यांनी हाच धागा पुढे नेऊन १/२५,००० सेकंदाइतका अल्पकाळ चमकणारा फ्लॅश वापरला आणि मुक्तपणे उडणाऱ्या कीटकांची चित्रे घेतली. ‘बॉर्न ऑन द विंड’ हे त्यांचे पुस्तक १९७५ मध्ये आले. मधमाशी सेकंदाला सुमारे २३० वेळा पंख हलवते. १/२५,००० सेकंदात तिच्या पंखाचा एका फेरीचा शंभरावा भागसुद्धा पूर्ण होत नाही, म्हणून पंख हवेत थांबलेला दिसतो. कीटकाला थांबवण्याची गरज इथे संपली. थांबवायचा होता तो केवळ प्रकाशाचा क्षण.

एका मिलिमीटरचा हिशेब

हातात धरलेल्या कॅमेऱ्याने रेखीव चित्र कसे येते, हे समजण्यासाठी थोडे गणित करावे लागते. व्यापारी घरांना ते जड वाटू नये.

मॅक्रो भिंगावर १:१ असे प्रमाण लिहिलेले असते. याचा अर्थ असा की, १ मिलिमीटरची वस्तू कॅमेऱ्याच्या सेन्सरवरही १ मिलिमीटरचीच उमटते. फुल फ्रेम म्हटल्या जाणाऱ्या सेन्सरची रुंदी ३६ मिलिमीटर असते. म्हणजे १:१ प्रमाणात ३ मिलिमीटरचा सोंडा चित्राच्या रुंदीचा बारावा हिस्सा व्यापतो, आणि १२ मिलिमीटरची मधमाशी एक-तृतीयांश. उलट ब्लू मॉरमॉन हे फुलपाखरू पंख पसरल्यावर १२ ते १५ सेंटिमीटर भरते, त्यामुळे १:१ प्रमाणात ते चौकटीत मावतच नाही. महाराष्ट्राने २०१५ मध्ये याच फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला, आणि असा मान देणारे ते देशातील पहिले राज्य ठरले.

आता हाताच्या कंपाचा हिशेब. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरवरील एक बिंदू सुमारे ६ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या सहापट असतो. हात सेकंदाला १० मिलिमीटर या वेगाने हलला, तर १/१०० सेकंदात कॅमेरा एक-दशांश मिलिमीटर सरकतो. १:१ प्रमाणात हे सरकणे सोळा-सतरा बिंदूंवर पसरते आणि चित्र फिसकटते. पण चित्राला मिळणारा प्रकाश जर फक्त १/१०,००० सेकंदाच्या फ्लॅशचा असेल, तर तेवढ्या वेळात कॅमेरा सरकतो मिलिमीटरचा हजारावा भाग, म्हणजे एका बिंदूचा सहावा हिस्सा. तेवढा दोष डोळ्यांना दिसत नाही. तिपाईवाचून रेखीव चित्र मिळते ते या हिशेबामुळे.

मात्र फ्लॅश पूर्ण शक्तीने चमकवला तर त्याचा काळ लांबतो, साधारण १/१००० सेकंदाच्या घरात जातो. शक्ती एक-सोळांश किंवा त्याहून कमी ठेवली की तो १/१०,००० सेकंदाच्या आसपास येतो. म्हणून फ्लॅश कीटकाच्या जवळ आणावा आणि कमी शक्तीवर चालवावा, हा पहिला नियम आहे.

दुसरा हिशेब खोलीचा. १:१ प्रमाणात अ‍ॅपर्चर एफ/११ ठेवले, तर चित्रात पुढून मागे फक्त १.३ मिलिमीटर एवढाच पट्टा स्पष्ट येतो. एफ/२.८ ठेवले तर तो पट्टा अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी होतो. प्रमाण २:१ केले, तर एफ/११ वरही स्पष्टतेसाठी अर्धा मिलिमीटरच उरतो. यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे अ‍ॅपर्चर आणखी लहान करणे. परंतु छिद्र फार बारीक झाले की प्रकाशकिरण कडेने पसरतात, आणि खोली वाढली तरी सबंध चित्र मऊ पडते. शिवाय १:१ प्रमाणात सेन्सरपर्यंत पोहोचणारा प्रकाश एक-चतुर्थांशच उरतो. एका बाजूची जमा ही दुसऱ्या बाजूचा खर्च ठरते. अनुभवी मंडळी १:१ च्या आसपास एफ/८ ते एफ/११ वर थांबतात, आणि मिळालेला तो एक-सव्वा मिलिमीटर कुठे खर्च करायचा, याचा विचार करतात.

तो खर्च करायचा डोळ्यावर. कीटकाचा डोळा स्पष्ट असेल तर पाय आणि पंख धूसर असले तरी चित्र जिवंत वाटते. डोळा धूसर असेल तर बाकी सारे स्पष्ट असूनही चित्र वाया जाते. दुसरी युक्ती म्हणजे कीटकाच्या अंगाची रेषा सेन्सरला समांतर ठेवणे. पंख मिटून बसलेले फुलपाखरू बरोबर बाजूने टिपले तर पंखांचा सगळा पृष्ठभाग त्या अरुंद पट्ट्यात बसतो.

साधने थोडी, पण समजून घेतलेली

या छंदाला सुरुवातीलाच मोठे भांडवल लागते असे नाही. साध्या ५० मिलिमीटरच्या भिंगाला उलटे जोडणारी रिंग काहीशे रुपयांत मिळते आणि तेच भिंग मॅक्रो भिंगासारखे काम देते. भिंग आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवायच्या पोकळ एक्स्टेन्शन ट्यूबही असतात. अमेरिकेतील ओक्लाहोमाचे थॉमस शाहान यांनी उड्या मारणाऱ्या कोळ्यांची जी चित्रे जगभर नावाजली गेली, ती अशाच उलट्या भिंगाच्या, ट्यूबच्या आणि घरगुती प्रकाशयोजनेच्या बळावर काढली. कोळी हा कीटक नव्हे. त्याला आठ पाय असतात, कीटकाला सहा. मृगाच्या पहिल्या सरींनंतर मातीवर दिसणारा मखमली तांबडा मृगाचा किडाही याच न्यायाने कीटकांत मोडत नाही.

पुढची पायरी म्हणजे खास मॅक्रो भिंग. १०० मिलिमीटरच्या आसपासचे भिंग १:१ प्रमाणातही कीटकापासून सुमारे १३ ते १५ सेंटिमीटर अंतर राखू देते, आणि हे अंतर बुजऱ्या जिवासाठी मोलाचे असते. कॅननचे १९९९ मधील एमपी-ई ६५ मिलिमीटर भिंग १:१ पासून ५:१ पर्यंत जाते, पण त्याला कीटकाच्या फारच जवळ न्यावे लागते. नवशिक्याने तिथून सुरुवात करू नये.

खरे लक्ष द्यावे ते प्रकाशाकडे. ढालकिडा, सोनपाखरू, मुंगळा यांच्या अंगाला चकाकी असते. उघड्या फ्लॅशचा प्रकाश त्यावर पडला की पांढरे डाग उमटतात आणि रंग हरवतात. म्हणून फ्लॅशपुढे बटर पेपर, पातळ पांढरा फोम किंवा दुधी प्लास्टिक लावून प्रकाश पसरवावा. हा पडदा जितका मोठा आणि कीटकाच्या जितका जवळ, तितका प्रकाश मऊ. फ्लॅशचा प्रकाश अंतराबरोबर झपाट्याने ओसरतो. दुप्पट अंतरावर तो एक-चतुर्थांश होतो. त्यामुळे मागे लांबवर काही नसेल तर चित्राची पार्श्वभूमी काळी ठिक्कर येते. ती टाळायची तर कीटकामागे जवळच एखादे पान किंवा फूल येईल असा कोन शोधावा. पान तोडून मागे धरू नये. कोन बदलण्यासाठी छायाचित्रकारानेच जागा बदलावी.

कॅमेरा हाताने चालवण्याच्या पद्धतीवर ठेवावा. शटर १/२०० सेकंद, अ‍ॅपर्चर एफ/११ आणि आयएसओ २०० ही सावलीतील कामासाठी चांगली सुरुवात आहे. या मापांवर सावलीतला नैसर्गिक प्रकाश जवळजवळ नोंदलाच जात नाही आणि चित्र पूर्णपणे फ्लॅशच्या अल्पक्षणावर अवलंबून राहते. कडक उन्हात मात्र ऊनही चित्रात उतरते आणि हाताचा कंप पुन्हा डोके वर काढतो.

हात, श्वास आणि देठ

फोकसचे काम यंत्रावर सोपवू नये. आधी हवे ते प्रमाण ठरवून भिंगाचे कडे तिथेच ठेवावे आणि मग सबंध शरीर किंचित पुढे-मागे नेत डोळा स्पष्ट होण्याचा क्षण गाठावा. ही हालचाल एखाद-दुसऱ्या मिलिमीटरची असते. कोपरे बरगड्यांना टेकवावीत, शक्य असेल तर गुडघ्यावर किंवा भिंतीवर आधार घ्यावा, श्वास सोडत असताना बटण दाबावे. कंप रोखणारी यंत्रणा असलेली भिंगे मिळतात, पण इतक्या जवळच्या कामात त्यांचा उपयोग मर्यादित ठरतो, कारण इथे कॅमेरा नुसता कलत नाही, तो पुढे-मागे सरकतही असतो.

एक जुनी आणि गुणकारी पद्धत देठाची. कीटक एखाद्या काडीवर किंवा फुलाच्या देठावर बसला असेल, तर डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने तो देठ खालून अलगद धरावा आणि त्याच हाताच्या पंजावर भिंगाचा पुढचा भाग टेकवावा. मग वाऱ्याने देठ डोलला तर भिंगही त्याच्याबरोबर डोलते आणि दोघांमधले अंतर बदलत नाही. देठ तोडायचा नाही, वाकवायचा नाही. कीटकाने मिशा रोखल्या किंवा पाय आवळले तर हात तिथेच थांबवावा.

जवळ जाण्याचेही शास्त्र आहे. कीटकांची नजर हालचाल फार लवकर टिपते. चतुराच्या एकेका डोळ्यात सुमारे २८ हजार सूक्ष्म नेत्रिका असतात. अशा जिवाजवळ झटक्याने गेलेला हात त्याला शत्रूच वाटणार. खालून, संथपणे आणि आपली सावली त्याच्यावर पडू न देता जावे. फुलातील मध पिण्यात गुंतलेली माशी किंवा अंडी घालण्यात मग्न असलेले फुलपाखरू सहसा उडत नाही, पण म्हणून त्या कामात अडथळा आणण्याचा अधिकार कुणाला मिळत नाही. पाच-सहा चित्रांत जमले नाही तर त्या जिवाचा नाद सोडून द्यावा.

वेळेची निवड केली तर निम्मे श्रम वाचतात. कीटकांच्या अंगाची ऊब मुख्यतः भोवतालावर अवलंबून असते. पहाटेच्या गारव्यात ते मंद असतात, अंगावर दव असते आणि सूर्य वर आला की उडू लागतात. जे काम फ्रीज करतो, तेच पहाट कुणालाही न दुखावता करते. निळ्या पट्ट्यांच्या एकांड्या माशा संध्याकाळी सुकलेल्या काड्यांना जबड्याने घट्ट धरून रात्रभर झोपतात. अशी जागा एकदा सापडली की पहाटे तिथे चित्रासाठी धावपळ करावी लागत नाही.

चातुर्मास आणि घराचा सज्जा

पावसाळ्यात कीटकसृष्टी बहराला येते. साधू-साध्वीजी याच कारणाने चार महिने एका ठिकाणी स्थिरावतात. चालताना चार हात जमीन पाहून पाऊल टाकण्याची जी ईर्यासमिती सांगितली आहे, तिचे महत्त्व याच दिवसांत सर्वाधिक. अशा वेळी चित्रासाठी ओल्या गवतातून, रानातून मोकाट फिरणे जैन छायाचित्रकाराला शोभणारे नाही. एक चित्र मिळवताना बुटाखाली किती जीव गेले, याची नोंद कोणत्याही कॅमेऱ्यात होत नाही.

यावरचा उपाय घराजवळच आहे. सज्जातील कुंड्यांमध्ये कढीपत्ता आणि लिंबू असेल तर तिथे फुलपाखरे आपण होऊन अंडी घालायला येतात. लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी मोठी झाली की पानाच्या हिरव्या रंगाची होते, मग कोष करते आणि त्यातून फुलपाखरू बाहेर पडते. हे सगळे काही आठवड्यांत, हाताच्या अंतरावर घडते. ब्लू मॉरमॉनच्या अळ्याही लिंबाच्या कुळातील झाडांवर वाढतात. तुळशीच्या मंजिऱ्यांवर लहान-मोठ्या माशांची वर्दळ असते. तिथे अर्धा-पाऊण तास शांत बसले तर त्या मनुष्याची दखल घेणे सोडून देतात. सामायिकाची आणि या बैठकीची तुलना होऊ शकत नाही, पण ४८ मिनिटे निश्चल बसण्याचा सराव ज्याला आहे, त्याला ही बैठक जड जाणार नाही.

काही जिवांच्या बाबतीत फ्लॅश वर्ज्य मानावा. मेअखेर आणि जूनमध्ये भंडारदऱ्याच्या परिसरात काजव्यांनी झाडे उजळतात आणि पर्यटकांची रीघ लागते. काजव्याचा प्रकाश हा नर-मादीचा एकमेकांना दिलेला संकेत आहे. त्या अंधारात फ्लॅश किंवा विजेरी चमकवली की संकेतच बुडतो, आणि त्यावर अवलंबून असलेली पुढची पिढीही धोक्यात येते.

अनर्थदंड कशाला म्हणावे

वैज्ञानिक संग्रहालयांत मृत कीटकांचे नमुने असतात. ब्रिटिश छायाचित्रकार लेव्हॉन बिस यांनी ऑक्सफर्डच्या संग्रहालयातील अशाच जुन्या नमुन्यांची चित्रे काढली आणि २०१६ मध्ये ‘मायक्रोस्कल्प्चर’ या नावाने प्रदर्शित केली. एकेका कीटकासाठी त्यांनी सुमारे ८ हजार छायाचित्रे घेऊन ती एकत्र जोडली होती. त्या चित्रांतील बारकावा हाताने घेतलेल्या एका चित्रात येणार नाही, हे मान्य करावे लागेल. परंतु ते नमुने अभ्यासासाठी पूर्वीच जमवलेले होते. प्रश्न येतो तो छंदासाठी, स्पर्धेसाठी किंवा कौतुकासाठी नवा जीव घेण्याचा.

जैन आचारशास्त्राने हिंसेचे आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी असे भेद केले आहेत. संसार आणि व्यापार चालवताना जी हिंसा टाळूनही घडते, तिच्याबाबत गृहस्थाला मर्यादा घालून दिली आहे. मात्र जाणूनबुजून केलेली संकल्पी हिंसा त्याला वर्ज्य आहे. श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरमण हे एक व्रत आहे. ज्याने ना पोट भरते ना कर्तव्य पार पडते, अशी विनाकारण पीडा देऊ नये, असा त्याचा आशय. भुंग्याला तासभर गारठवणे किंवा मुंगीचे पाय डिंकात रोवणे हे या व्रताच्या कक्षेत सरळ येते. जिवाला बांधून ठेवणे, म्हणजे बंध, हा तर अहिंसाणुव्रताचा अतिचारच सांगितला आहे. कृत, कारित आणि अनुमोदित या तीन वाटांपैकी तिसरी वाट इथे विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. स्वतः कीटक न मारणारा मनुष्य मारून घेतलेल्या चित्राला बक्षीस देतो, ते दिवाणखान्यात लावतो किंवा मोबाइलवर त्याची वाहवा करतो, तेव्हा तो त्या कृतीचा वाटेकरी होतो.

हातात कॅमेरा धरून काढलेले चित्रही संपूर्ण निर्दोष असते, असे म्हणता येणार नाही. देठ धरला जातो, प्रकाश चमकतो, माशी एखादे वेळी उडून जाते. गृहस्थाच्या कोणत्याच कृतीत दोष शून्यावर येत नाही. तो जितका कमी करता येईल तितका करणे, यालाच जयणा म्हटले आहे.

मुंगीचा डोळा

या छंदातून एक प्रश्न घरोघरी उद्भवतो, आणि तो टाळू नये. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात कृमी, मुंगी, भुंगा आणि मनुष्य या क्रमाने एकेक इंद्रिय वाढत जाते, असे सांगितले आहे. त्यानुसार मुंगी त्रींद्रिय, म्हणजे स्पर्श, रस आणि गंध यांची धनी. पाठशाळेत हे शिकलेले मूल मुंगळ्याचे मोठे चित्र पाहते आणि विचारते, की मग हा डोळा कुणाचा? बहुतेक मुंग्यांना संयुक्त डोळे असतात आणि चित्रात ते स्वच्छ दिसतात.

मुलाला गप्प करणे हे या प्रश्नाचे उत्तर नव्हे. शास्त्रातील वर्गीकरणाचा अर्थ कसा लावावा, हे विद्वान साधू-साध्वीजींना विचारावे आणि तो विचार मुलाच्या समोर व्हावा. आचारापुरते मात्र उत्तर आजच देता येते. या वर्गीकरणामागचा हेतू जिवांना वेदना आहे आणि ती ओळखून वागावे, हा आहे. एखाद्या जिवाला मानले होते त्याहून एक इंद्रिय अधिक आढळले, तर त्याच्याबाबतची जबाबदारी वाढते. ती कमी होण्याचे काहीच कारण नाही. ज्या मुलाने मुंगळ्याचा डोळा पाहिला आहे, ते मूल त्याच्यावर पाय देताना अधिक अडखळेल. या छंदाने एवढे साधले तरी त्यावरचा खर्च वसूल झाला.

पर्युषणाच्या दिवसांत अनेक संघांत मुलांसाठी निबंध, रांगोळी, वक्तृत्व अशा स्पर्धा होतात. त्यांत कीटकांच्या छायाचित्रांची एक स्पर्धा सहज बसू शकेल. नियम दोनच ठेवावेत. चित्रातील जीव जिवंत असावा आणि तो जिथे आढळला तिथेच, त्याला न हलवता टिपलेला असावा. चित्राखाली जागा, वेळ आणि जीव पुढे कुठे गेला, एवढे तीन तपशील लिहायला सांगावे. तिसरा तपशील लिहायचा असेल तर मुलाला चित्र काढून झाल्यावरही थोडा वेळ तिथे थांबून पाहावे लागेल.

ज्यांच्याकडे कॅमेरा नाही त्यांनीही सुरुवात करायला हरकत नाही. आजच्या अनेक मोबाइलमध्ये जवळून चित्र घेण्याची सोय असते, आणि नसेल तर त्याच्या भिंगावर चिमट्याने लावायचे छोटे भिंग मिळते. धान्य निवडताना ताटात सोंडा दिसला की तो बाजूला काढण्यापूर्वी ताट खिडकीजवळच्या उजेडात घ्यावे, कोपर टेबलावर टेकवावे, श्वास सोडत दोन-तीन चित्रे घ्यावीत. मग नेहमीप्रमाणे त्याला चार दाण्यांसह सावलीच्या, वर्दळ नसलेल्या कोपऱ्यात ठेवून द्यावे.